करंड्यातले दोन दाणे

एकदा काय झालं, काळ्या मातीतली एक मुलगी लाल मातीत नांदायला गेली. कौतिका तिचं नाव. माहेर घाटावर, लांब. सासर समुद्राकाठी. नवरा गलबतावर, महिनेन्महिने घरी नाही. घरात फक्त सासू, तिला कौतिका आत्याबाई म्हणायची. त्या कामापुरतं बोलायच्या.

निघताना आईनं पदराला तीन हरभरे बांधून दिले होते. साधे नव्हते, बरं का. बोलायचे, तेही आईच्या आवाजात. "जेवलीस का गं?" एवढंच विचारायचे. पण तेवढं विचारणारं तिथं दुसरं कोणी नव्हतं.

मग तिला वाटलं, एकाचे पुष्कळ झाले तर घर बोलण्यानं भरेल. दसरा सरल्यावर तिनं एक दाणा परसात पेरला. पाणी घातलं नाही. माहेरी हरभऱ्याला कोण पाणी घालतं? काळी माती पावसाची ओल पोटात धरून ठेवते, वरून दव पडतं, तेवढ्यावर तो वाढतो. लाल मातीनं ओल धरलीच नाही. कोंब आला आणि वाळून गेला.

मग दुसरा पेरला. त्याला रोज कळशीभर पाणी घातलं. तो कुजला.

मग उरला एक. कौतिका विहिरीपाशी मूठ आवळून बसली. हाही गेला तर जेवलीस का म्हणून कोण विचारणार?

आत्याबाई भात कापलेल्या शेतात वाल टाकायला निघाल्या होत्या. त्या थांबल्या.

"नको पेरूस," म्हणाल्या. "इथं वालच येतो. मीही करून बसलेय."

मग त्यांनी आतून कुंकवाचा जुना करंडा आणला. मामंजी गेल्यापासून तो रिकामाच आहे, असं कौतिकाला वाटायचं. आत एक मटकी होती.

"माझं माहेर कोरड्या माळावरचं. मूठभर आणली होती. इथल्या पावसात सगळी सडली. ही राहिली. आधी बोलायची. आता कित्येक वर्षं गप्प आहे."

कौतिकानं आपला हरभरा तिच्याशेजारी ठेवला. झाकण लावलं. दोघी कान लावून बसल्या.

मग हरभऱ्यानं विचारलं, "जेवलीस का गं?"

आणि मटकी हळूच म्हणाली, "कोणी विचारलंच नाही, बाई."

आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले. "चल सूनबाई," म्हणाल्या, "वाल टाकून येऊ. मग एका ताटात जेवू."

मग गलबतही आलं, वालही आला, आणि ती माणसं सुखानं राहिली. दाणे बोलून बोलून दमले, निजले. आता तुम्हीही निजा.