सातवीने विचारलेली ओळख

यंत्रं आपसांत भांडायची, तेव्हाची गोष्ट. एका इस्पितळाच्या तळघरात संगणकांना एकमेकांशी जोडणारा नेटवर्क स्विच होता. त्यातल्या प्रत्येक पोर्टला, म्हणजे तार खोचायच्या खाचेला, बजावलेलं असे, "तार कुणाचीही येवो, आपली वाट बदलायची नाही." सातव्या, सगळ्यांत धाकट्या पोर्टला सगळे सातवी म्हणत; तिची वाट हिशेबाच्या कोठाराकडे जायची.

एका दुपारी चित्रांच्या कोठाराकडे वाट असलेला चौथा पोर्ट जळाला. त्याच्यातली शस्त्रक्रियागृहाच्या सर्व्हरची तार तंत्रज्ञाने घाईने सातवीत खोचली.

"टेबलावरच्या पोरीच्या मेंदूचं चित्र द्या, लवकर!" सर्व्हर कळवळला. "डॉक्टर खोळंबलेत."

"पाठव हिशेबाकडे," पहिला पोर्ट खेकसला.

"आजोबा, तिथे चित्रं नाहीत!" सातवी म्हणाली.

"नसू देत. नियम म्हणजे नियम."

सातवीने सर्व्हरलाच विचारलं, "तुझी ओळख सांग." कारखान्यात त्याच्यावर कोरलेला ओळखक्रमांक त्याने सांगितला. हा शस्त्रक्रियागृहाचाच, अशी ओळख पटताच सातवीने आपली वाट चित्रांच्या कोठाराकडे वळवली. चित्र वर पोचलं.

"झाली हौस? आता मुकाट्याने जुनी वाट धर," पहिला गुरगुरला.

"नाही धरणार. यापुढे जो येईल त्याला आधी ओळख विचारीन, मग वाट देईन. पोर दगावली असती, तर आम्ही नियम पाळला हे तिच्या आईला तुमच्यातलं कोण सांगणार होतं?"