मांडवाचा बांबू

बोरझरीची कोळसा खाण बंद पडली. कंपनीने खड्डा दगडांनी भरला, वर चार बोटं माती पसरली, आणि गवत उगवताच मॅनेजर देवस्थळे म्हणाले, "जमीन पहिल्यासारखी झाली. सरपंचबाई, सही करून ताबा घ्या."

खाण खोदताना काढलेल्या काळ्या मातीचा ढीग मात्र त्यांना बंगल्यांच्या बागांसाठी हवा होता. सही झाली की तो गेलाच.

सरपंच पार्बताबाई शांतपणे म्हणाल्या, "करते जी. पण ताबा देण्याचा कार्यक्रम त्याच जमिनीवर ठेवा. मांडव तुमची माणसं घालतील."

ठरल्या दिवशी देवस्थळे साहेब आले, तर पाहुणे भर उन्हात बसलेले.

"मांडव कुठाय?" साहेब कडाडले.

"बांबू उभाच राहत नाही, साहेब," त्यांचा माणूस म्हणाला. "खाली नुसता दगड आहे."

साहेबांनी त्याच्या हातातली पहार हिसकावून स्वतः मारली. ठण्ण करून ती उसळली.

पार्बताबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "साहेब, तुमचा बांबू पहारीनंही आत जाईना. आमच्या तुरीच्या मुळापाशी तर पहारही नसते जी."

पाहुण्यांत हशा पिकला. साहेबांनी घाम पुसला आणि ती माती या जमिनीवर पसरायला काळ्या मातीच्या ढिगाकडे ट्रक पाठवले.

मांडव पुढच्या वर्षी उभा राहिला. बांबू मातीत घट्ट बसला, तो हलवून पाहिल्यावरच बाईंनी सही केली.