सगळ्या अटींत बसणारा भाडेकरू

मिरजेत अप्पासाहेब पटवेकरांची वरची खोली भाड्यानं घेणं म्हणजे सासुरवासच. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, पाहुणा आणायचा नाही, फोडणीचा ठसका खाली येता कामा नये, रात्री पाऊल वाजता कामा नये! कुसुम डुबलनं तिथं हूं की चूं न करता दिवस काढले.

पण गावाकडे आई अंगणात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. कुसुम बॅग भरूनच खाली आली. "काका, मला खोली सोडावी लागतेय."

"करार संपायच्या आधी?" अप्पासाहेब झोपाळ्यावरूनच गरजले. "माझ्या सगळ्या अटी पाळणारा दुसरा भाडेकरू आण आणि खुशाल जा. चारचौघांत शब्द देतो!" शेजारी कुंपणापाशी जमले होते, म्हणून आवाज आणखीच चढला होता.

कुसुम वर गेली आणि परत येऊन तिनं त्यांच्या हातावर किल्ली ठेवली.

"आणला, काका. दाराला कुलूप लावून आलेय. ते खिळे ठोकत नाही, पाहुणे बोलवत नाही, फोडणी घालत नाही. पाऊल तर वाजायचंच नाही."

शेजारी खो खो हसले. अप्पासाहेब लालबुंद झाले. "आणि भाडं काय कुलूप देणार?"

कुसुम फाटकाशी पोचली होती. तिथूनच वळून म्हणाली, "भाडं हवं असेल तर माणूस ठेवावा लागेल, काका. आणि माणूस म्हटला, की त्याला आई असणारच."