वाळलेली कणीक

“त्याच्यात असं काय होतं बुवा, जे माझ्यात नव्हतं?”

भागवतनं विचारलं तेव्हा त्याच्या डाव्या मुठीत कणकेचा गोळा होता. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. आणि गुरूच्या पखवाजाची कणीक शिष्यानं मळायची, हा गंगाधरबुवांच्या घरचा रिवाज. मिसरूड फुटायच्या आधीपासून भागवत ती मळत होता.

दुसरा शिष्य उद्धवही मळायचा. मग कुणीतरी त्याचं वाजवणं मोबाइलवर टाकलं, ते रातोरात देशभर गेलं. मागोमाग उद्धवही गेला.

आता त्याचे फोटो आले होते. पाकीटभर. सगळे त्यानंच काढलेले. मंचावरून दिसणारी गर्दी. ढगांवर विमानाचा पंख. हॉटेलच्या पलंगावर हारांचा ढीग. आरशात तो स्वतः, रेशमी कुर्त्यात, दात काढून.

भागवत कधीचा उजव्या हातानं एकेक उलटत होता. परत पहिल्यापासून.

बुवा गप्प. उत्तर नसलं की थोर माणसं गप्प बसतात, आणि आपण त्याला मौन म्हणतो.

“पखवाजावर साधी थाप धड वाजायची नाही त्याच्या हातून. तुम्हीच शिव्या घालायचात.”

“घालायचो.”

“आणि मला म्हणायचात, थांब, हात पिकू दे. थांबलो. तो तिकडे हारांवर लोळतोय, मी इथे पीठ तिंबतोय!”

बुवांनी पखवाजावरून फडकं फिरवलं.

“बोला ना. नाहीतर आजपासून पखवाज सोडला मी.”

बुवांनी पखवाज पुढे ढकलला. “आधी वाजव.”

भागवतनं गोळा थापला. तो चिकटलाच नाही. फोटो बघता बघता मुठीतच कोरडा पडला होता. भेगाळलेला गोळा सतरंजीवर घरंगळला.

“बघितलंस?” बुवांना लगेच कंठ फुटला. “दुसऱ्याचे हार मोजत बसलं की आपली…”

“थांबा, बुवा.”

भागवतनं हारांचा फोटो उजेडाकडे धरला. कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा होता. वाळल्या कणकेचा. खालच्या फोटोवर आणखी एक. गर्दीच्या फोटोवर तर पापुद्राच धरला होता.

त्यानं आपला उजवा हात पाहिला. स्वच्छ होता.

“पाकीट कधी आलं?”

“परवा.”

“उघडलं कुणी?”

बुवांनी पिठाची परात पुढे ओढली.

मग त्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

“दोघांपुरती मळ. माझी परवाच वाळली.”