बोटभर अलीकडे

नांदुर्लीच्या नदीवर पूल नव्हता आणि लोक पाण्यातूनच पलीकडच्या शेतांत जात, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरात पाऊस झाला की गावात ऊन असतानाही नदी फुगायची. म्हणून गुणाजी लोहाराने काठावर घंटा टांगली. पाणी चढलं की खालचं लाकडी चाक फिरे, चाकाची खुंटी हातोडा मागे ओढून सोडी आणि वाकून परत उसळणारी पोलादी पट्टी, म्हणजे कमान, तो घंटेवर आपटी. घंटा ऐकून पलीकडच्यांनी परत यायचं.

पहिल्याच पुरात घंटा नुसती ठप्प वाजली. घाव बसला, पण कमानीने हातोडा घंटेला दाबूनच धरला. नाद आतल्या आत मेला. भातलावणीला गेलेल्या दोघी परतल्या नाहीत. त्यांतली एक गुणाजीची बायको आवडी.

त्या दिवसापासून गुणाजी कधी बसला नाही, असं म्हणतात. जेवायचा उभ्याने, झोपायचा भिंतीला टेकून. कमानी घडवायचा आणि मोडायचा. जाड कमान हातोडा दाबून धरी, पातळ कमानीचा घाव लागतच नसे. पाटलांनी घंटेपाशी माणूस बसवू म्हटलं, तर गुणाजी म्हणाला, "माणसाला डुलकी लागते, पाटील."

"आणि तुझ्या हातोड्याला मिठी मारायची खोड," पाटील बोलून गेले, आणि मग खाली बघत राहिले.

आवडीच्या जागी आता लेक चिमा घण मारायची. तापल्या लोखंडावर घाव घालताना ताल सुटू नये म्हणून लोहार मधूनच मोकळ्या ऐरणीवर हातोडी टाकतो. एके सकाळी चिमा म्हणाली, "आबा, ऐरणीवर तुम्ही मारत नाही. हात आधीच थांबतो, हातोडी एकटीच जाऊन परत येते."

गुणाजीच्या हातातलं लोखंड थंड झालं तरी तो हलला नाही. मग त्याने अशी कमान केली, की ती घंटेच्या बोटभर अलीकडेच स्थिर राहावी. उरलेलं अंतर हातोड्याने आपल्या वेगाने जावं आणि घाव घालताच कमानीने त्याला मागे खेचावं.

लावणी आली. चिमा पलीकडे निघाली तेव्हा त्याने वाट अडवली. ती म्हणाली, "मला जाऊ देणार नसाल, तर घंटा कुणासाठी बांधली?"

तेव्हा गुणाजीही तिच्यासोबत गेला. चिखलात त्याला रोप धरता येईना. "लोहारदादा, हळू. घण नाही तो," बाया हसत होत्या. त्याचं लक्ष मात्र नदीकडे. दुपारी लख्ख उन्हात घंटा वाजली. ठण्ण, आणि पुन्हा ठण्ण. सात गावांत ऐकू गेली, असं म्हणतात. सगळ्या बाया अलीकडे आल्या. शेवटी चिमा, तिच्यामागे गुणाजी. काठावर पोचताच तो खाली बसला. आवडी गेल्याला दोन वर्षं झाली होती, त्यांत पहिल्यांदाच. पाणी उतरल्यावरही घंटा तीन दिवस आपोआप वाजत होती, असंही म्हणतात.

आता पूल आहे. तरी लावणीच्या पहिल्या दिवशी नांदुर्लीचे लोक गुणाजीचं नाव घेऊन हातोडा आणि घंटा यांच्या फटीत बोट फिरवून बघतात. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घराला पहिला मान. मग हातोडा एकदाच सोडतात, आणि नाद पुरता विरेपर्यंत कुणी घंटेला हात लावत नाही.