सड्यावर न उघडलेलं पान

"...मग माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा आक्का! सगळे नियम पाळले. एकही सोडला नाही. तरी मला पहिल्या नंबरावरून उचलून पार चौथ्या पानावर फेकलं. का?"

रणधीर चौगुले ओरडत होता आणि शेवंताक्का ओसरीवर बसून कुळीथ पाखडत होती. सुपाचा आवाज काही थांबेना, त्यामुळे रणधीर आणखीच चिडला.

ही आक्का म्हणजे कळवंडीच्या आरोग्य केंद्रातली जुनी सिस्टर. चौतीस वर्षं नोकरी केली. साप चावलेली शेकडो माणसं तिच्या हाताखालून गेली. निवृत्त झाली तरी घाटमाथ्यावरची माणसं डॉक्टरआधी तिलाच गाठायची.

रणधीर कॉलेजात असताना वर्षभर तिच्याकडे शिकायला होता. तिने सांगितलेल्या बारा ओळी त्याने टाइप करून वेबसाइटवर चढवल्या. घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका, माणसाला चालवू नका, घाबरू नका पण घाई करा, लस कुठल्या दवाखान्यात मिळते... एवढंच. 'साप चावला काय करू' असं मराठीत कुणीही शोधलं की सात वर्षं हेच पान पहिलं यायचं.

पुढे रणधीर पुण्याला गेला. लोकांच्या वेबसाइट शोधात वर आणून देण्याचा धंदा केला, त्यात नाव काढलं. भाषणं द्यायला लागला. भाषणात एक वाक्य ठरलेलं असायचं, की माझं सापाचं पान जागचं हलवून दाखवा.

गेल्या महिन्यात ते हललं.

"हे कुणाचं तरी कारस्थान आहे," रणधीर म्हणाला. "माझ्या वाईटावर टपलेले कमी आहेत का? नाहीतर शोधणाऱ्या कंपनीने नियम बदलले असतील, आणि आम्हाला सांगायची पद्धतच नाही! माझ्या जागी आता कोण बसलाय माहीत आहे? फोनवरून विष उतरवणारा! फोन करा, म्हणे, मी इथून मंत्र टाकतो. असल्या भोंदूच्या खाली मी?"

आक्काने सूप खाली ठेवलं.

"कवापासनं?"

"काय कधीपासून?"

"दुखणं."

"अकरा तारखेपासून."

"सगळ्या अंगाला, का एकाच जागी?"

रणधीरने हातातले कागद उलटेपालटे केले. आकड्यांचे आलेख होते, रंगीत छापून आणलेले. "एकाच जागी. साइटवरची बाकीची पानं शाबूत आहेत. हेच तेवढं पडलं."

"आधी कोण यायचं बंद झालं? शहरातली, का खेड्यातली?"

हे त्याने पाहिलं नव्हतं. आता पाहिलं आणि त्याचा आवाज जरा उतरला.

"खेड्यातली. मोबाइलवाली."

आक्काने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. साप चावलेल्याची सूज चढत असली की सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारायची आणि रेघेवर वेळ लिहायची, ही तिची चौतीस वर्षांची सवय. आलेखाची रेघ जिथे कोसळली होती तिथे तिने पेनाने आडवी रेघ मारली आणि तारीख लिहिली.

"धाला काय केलंस?"

"दहाला? काही नाही."

पेन कागदावरून उचललं गेलं नाही.

"...नवं रूप दिलं साइटला. दहाच्या संध्याकाळी. पण ते चांगलंच केलं, आक्का! बारा ओळींचं भिकारडं पान होतं ते. मला लाज वाटायची दाखवायला. त्या नव्या रूपाला बक्षीस मिळालंय."

"चल," आक्का म्हणाली.

"कुठं?"

ती केव्हाच पायरी उतरली होती.

गावामागे सडा आहे. काळ्या खडकाचं पठार, त्यावर कमरेएवढं गवत. पावसाळा सरला की बाया तिथे गवत कापायला जातात आणि सापही तिथेच असतात. फोनला रेंज येते ती एकाच कोपऱ्यात, तीही जेमतेम.

त्या कोपऱ्यात आक्का खडकावर बसली आणि तिने उजवा हात पुढे केला.

"मला चावलाय. बघ काय करायचं ते."

रणधीर हसला. ती हसली नाही. तिने त्याचं घड्याळाचं मनगट घट्ट धरलं.

"काढ की फोन. मी मरती का वाचती, तुझ्या हातात हाय."

त्याने शोधलं. सगळ्यात वर मंत्रवाला. खाली, खाली, आणखी खाली जाऊन त्याचं पान सापडलं. त्याने बोट टेकवलं.

पडद्यावर चक्र फिरू लागलं.

...

फिरतच राहिलं.

"रेंज नाही इथं," तो म्हणाला. "ही काय पद्धत झाली का? पुण्यात बघा, डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडतं."

"पुण्यात गवत कापाय कोन जातंय?"

पन्नास सेकंदांनी पहिली गोष्ट दिसली ती रणधीरचा फोटो. गळ्यात शाल, हातात श्रीफळ, शेजारी कुणी पाहुणे. फोटोवर एक चौकट येऊन बसली : आधी आपला मोबाइल नंबर द्या. ती बंद करायची फुली एवढीशी, तीही पडद्याच्या कडेला अर्धी कापलेली. ती कशीबशी बंद केली तर एक चित्रफीत सुरू व्हायला बघू लागली. तिच्याखाली मथळा होता : सर्पदंश व्यवस्थापन, एक समग्र दृष्टिकोन.

"असं विचारतंय कोन?" आक्काने विचारलं. "साप चावल्यावर?"

रणधीरने चित्रफीत बंद केली.

"जुना पत्ता टाक. आपला, पयला."

त्याने टाकला. हे पान अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं.

आता मात्र त्याला चूक कळली. सात वर्षांत कितीतरी शाळांनी, पंचायतींनी, दवाखान्यांनी आपापल्या साइटवरून त्या जुन्या पत्त्याकडे लोकांना पाठवलं होतं. पत्ता बदलला आणि जुन्यावरून नव्याकडे वाट काढायची तो विसरला. हीच चूक करू नका, असं तो दर भाषणात सांगायचा. बक्षिसाच्या अर्जाची शेवटची तारीख होती, घाई झाली, झालं.

"तेरा तारखेला आपल्या गावच्या पार्वतीला साप चावला," आक्का म्हणाली. "हितंच. सुनेनं फोन काढला, तिला शोधाय येतंय. तुझं पान आठवत हुतं तिला, शाळेत दाखवल्यालं. तिनं जुना पत्ता लावला, तर पानच न्हाई. मग शोधलं, तर वरच त्यो मंत्रवाला. त्यानं सांगितलं, दोरीनं करकचून बांध आनि हलू नगंस, मी मंत्र टाकतोय. दोन तास बसल्या दोघी. माझ्याकडं आनली तवा हात काळा पडलावता."

"...वाचली?"

"वाचली. तीन बोटं गेली."

"मला काय माहीत, आक्का!" रणधीर उसळला. "मी काय मुद्दाम केलं? तो हरामखोर लोकांना फसवतो, त्याला कुणी काही बोलत नाही, आणि मला..."

"त्यो चोर हाय, त्याच्याकडनं माझी काय आशाच नव्हती. तुझ्यावर हुती." आक्काचा आवाज चढला. ती एवढी रागावलेली रणधीरने पहिल्यांदाच पाहिली. "फोटो बरा लक्षात ऱ्हायला तुझ्या. वाट लक्षात न्हाई ऱ्हायली."

तिने त्याचं मनगट सोडलं. बोटांचे वळ उठले होते.

रणधीर खडकावर बसला तो त्या दिवशी उठलाच नाही. पाठीवरच्या पिशवीतला लॅपटॉप मांडीवर घेतला आणि फोटो काढला, चौकट काढली, चित्रफीत काढली. जुना पत्ता परत जागेवर आणला. मथळा पुन्हा 'साप चावला काय करू' असा केला आणि त्याखाली त्या बारा ओळी, दुसरं काही नाही. मग आक्काच्या जुनाट फोनवर उघडून पाहिलं. तिने तीन आकडे मोजेपर्यंत पान समोर होतं.

आक्का उठली. गवत झटकून घरी गेली.

तीन आठवड्यांनी रणधीर परत आला तो दारातूनच बोंबलत.

"चोरी! आक्का, उघड उघड चोरी!"

आक्का चुलीपाशी होती. त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. शोधात पहिलं आलं होतं दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेचं पान. तिथल्या कुणा गुरुजींनी रणधीरचं जुनं पान उतरवून घेतलं होतं, तेही जसंच्या तसं. बारा ओळी, त्याच क्रमाने. रणधीरचं नाव कुठेही नाही.

"माझे शब्द! माझी सात वर्षं! आणि पहिला तो! मी रात्रंदिवस डोकं फोडून सगळं दुरुस्त केलं आणि तो मास्तर आयता जाऊन बसला माझ्या जागी. सोडणार नाही मी. तक्रार तयार आहे. पुराव्याच्या तारखांसकट. बटण दाबलं की दोन दिवसांत त्याचं पान शोधातून उडतंय."

"शब्द कुनाचं?"

"माझे!"

आक्काने भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे वळून पाहिलं.

"...म्हणजे, सांगितले तुम्ही. टाइप मी केले."

"त्यानं लिवताना काय चुकवलंय?"

"एक अक्षर नाही! तेच तर म्हणतोय. काना-मात्रेसकट उचललंय."

"लस कुठं मिळती, ते?"

"त्यांच्या तालुक्याचे दवाखाने वाढवलेत खाली. बाकी सगळं तेच."

"सड्यावर उघडतंय?"

रणधीरने दात-ओठ खाल्ले. येताना तो तिथे थांबून पाहून आला होता.

"उघडतं."

"त्येच्या खाली कोन?"

"तो मंत्रवाला."

"आनि तू?"

"सहावा. पण चढतोय! रोज चढतोय. महिना, दोन महिने... फार तर तीन. मी येणार वर, लिहून देतो."

आक्काने तव्यावरची भाकरी उलटली. ती टम्म फुगली.

"मग कर की तक्रार," ती म्हणाली. "चोरीच हाय ती. तुझा हक्क हाय."

रणधीरचा जीव भांड्यात पडला. हिला तरी पटलं! त्याने अंगठा बटणावर नेला.

"दाब," आक्का म्हणाली. "आनि जाता जाता सड्यावर सापास्नी सांगून जा, चौगुल्यांचं पान वर येईस्तवर कुनाला चावू नगासा."