कठीण रेझिन, मऊ लाकूड

एकदा एक म्हातारा मुखवटेकार आपल्या शिष्येवर काम सोपवून ओट्यावर निवांत सुपारी कातरत बसला होता. शिष्या मात्र आत घामाघूम झाली होती. तिच्या मांडीवर गावाच्या बोहाड्यातला, म्हणजे सोंगं नाचवायच्या उत्सवातला, देवीचा मुखवटा होता. पिढ्यानपिढ्या एकाच घराण्यानं तोंडावर बांधून नाचवलेला, सावरीच्या हलक्या लाकडाचा. खुंटीवरून पडून त्याला भुवईपासून नाकपुडीपर्यंत तडा गेला होता. शिष्येनं तडा रेझिननं भरला, वरून रंगाऱ्यांची लांबी, म्हणजे पुट्टी, लिंपली. दोन्ही वाळून दगड झालं, पण देवीच्या तोंडावर गळवासारखं वर राहिलं. ते घासून सपाट करायचं आणि बुजलेली भुवईची रेघ पुन्हा उठवायची, एवढंच उरलं होतं. एवढंच, म्हणायला!

समोर घासायच्या हातमशीनच्या टोकाला लावायची बिटं मांडलेली. दातेरी पोलादी, हिऱ्याच्या कणांचं, सँडपेपरच्या नळीचं, रबरी. एका फळीवर तिनं रेझिनचा थेंब वाळवून ठेवला होता, त्यावर आधी करून पाहिलं. दातेरी बिट रेझिनवरून घसरलं आणि शेजारच्या लाकडात खड्डा पाडून मोकळं झालं. हिऱ्याचं जोरात फिरवलं, तर रेझिन तापून चिकट झालं आणि बिटालाच लपेटून बसलं. हेच देवीच्या भुवईवर झालं असतं तर?

तेवढ्यात मुखवट्याची मानकरीण दारात.

"काय गं, दिवस मावळता देवी निघायची. आमच्या धन्यानं उपास धरलाय, आणि तू नुसती बघत बसलीस?"

"करते ना, मावशी."

"करशील गं. पण नाक तेवढं शाबूत ठेव. नकटी देवी नाचवली तर गाव आमच्या सात पिढ्यांना नकटं म्हणेल!"

शिष्या उठली ती मशीन आणि बिटं घेऊन थेट ओट्यावर. "बाबा, कुठलं बिट लावू? बिघडलं तर गाव मलाच नावं ठेवील, माझे हात कापतायत. तुम्हीच करा."

म्हाताऱ्यानं अडकित्ता बाजूला ठेवला आणि अंगठा तिच्यापुढे धरला. "हे नख वाढलंय. तुझ्या मशीननं घासून दे."

"काय बोलताय बाबा! बोट जाईल."

"गेलं तर माझं जाईल. तू कशाला रडतेस? घास."

"भ्रमिष्ट झालात दोघंही!" मानकरीण ओरडली.

गुरूचा शब्द मोडवेना. शिष्येचा हात दातेरी बिटाकडे वळलाच नाही. तिनं बारीक सँडपेपरची नळी लावली, गती अगदी मंद केली, डाव्या हातानं नखाकडेचं मांस दाबून मागं धरलं. टेकवलं, उचललं, फुंकलं, पाहिलं. पुन्हा टेकवलं. नख गुळगुळीत झालं. बोटाला ओरखडा नाही.

"हे बिट मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग घासताना नजर कुठं होती?"

तिनं त्याच्या अंगठ्याकडे पुन्हा पाहिलं. "नखावर नव्हती, बाबा. कडेच्या मांसावर होती."

"सकाळपासून तू रेझिनकडे बघून बिट शोधतेस. रेझिन कठीण, म्हणून हत्यार जहाल हवं, असं तुझं गणित. अगं, कठिणाला काही होत नाही. मार बसतो शेजारच्या मऊ लाकडाला. काय काढायचं ते कुणालाही दिसतं. काय राखायचं ते बघ, म्हणजे हात आपसूक योग्य बिट उचलतो. आणि भीती वाटते तर वाटू दे. स्वतःच्या नावासाठी भ्यालीस तेव्हा हात कापले. माझ्या बोटासाठी भ्यालीस, तेव्हा तेच हात स्थिर झाले."

शिष्या आत गेली. भीती गेली नव्हती, पण आता ती देवीच्या भुवईपाशी जाऊन बसली होती. मशीनचा मंद आवाज सुरू झाला. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. मानकरीण उंबऱ्यावर टेकली.

शेवटी रंगाचा हात देऊन वाळल्यावर शिष्येनं मुखवटा तिच्यापुढे धरला. मानकरणीनं भुवईवरून नाकापर्यंत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि हळूच विचारलं, "तडा नेमका कुठं होता गं?"

घरात पोराची नाहीतर सुनेची खोड मोडायला जीभ परजून उभं राहण्याआधी, त्या खोडीच्या कडेला काय मऊ आहे, तेवढं एकदा बघावं.